उलटी प्रदक्षिणा

तुम्ही राहता त्या गावात दुपारी बाराला सूर्य कुठल्या दिशेला असतो, हे पंचांग बाजूला ठेवून, मान वर करून तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत? कराडकरांना विचारते आहे, आणि माझ्यासारखं देश सोडून ख्राइस्टचर्चला आलेल्यांनाही.

मी निघाले तेव्हा कराडच्या स्टँडवर मुंबईची एस्टी लागली होती. आईनं हातावर दही घातलं. अण्णा, म्हणजे माझे वडील, काखेत पत्रकांचा गठ्ठा घेऊन शेजारी उभे. "दही घाल," ते आईला म्हणाले, "पण विमान दह्यावर उडत नाही, तेवढं सांग तिला."

"जाताना तरी गप बसा हो," आई म्हणाली.

अण्णा गप बसणाऱ्यांतले नव्हते. शाळामास्तर माणूस. सुट्टीच्या दिवशी बाजारात उभं राहून बुवा, भानामती आणि मुहूर्त यांच्याविरुद्ध स्वतः छापलेली पत्रकं वाटायचे. मला अक्षरओळख झाली ती त्या पत्रकांवरच. खिडकीतून त्यांनी मूठभर पत्रकं माझ्या पर्समध्ये कोंबली. "तिकडेही बुवा असतील. वाटत जा. आणि मी गेलो तर पिंडबिंड नको. हे पत्रक पुन्हा छापा आणि या समोरच्या चौकात वाटा. तेच माझं श्राद्ध." एस्टी सुटताना सांगायची का ही गोष्ट? माझा थोरला भाऊ, दादा, बाजूलाच होता. त्यानं मान हलवली. मीही हलवली.

इथं आम्ही नवरा-बायकोनं हॉर्नबी या उपनगरात फ्लॅट घेतला तो दक्षिणेच्या मोठ्या खिडक्या बघून. थंडीत दक्षिणेनं ऊन येतं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. जूनमध्ये, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, भिंतींवर काळी बुरशी चढली. ऊन रोज शेजाऱ्यांच्या उत्तरेच्या खिडक्यांत पडायचं आणि आम्ही घरात कोट घालून जेवायचो. पृथ्वीच्या खालच्या अर्ध्या भागात सूर्य उत्तरेकडून जातो. विज्ञाननिष्ठ बापाची मी मुलगी, बी. फार्म. झालेली, आणि घर घेताना हे माझ्या डोक्यातही आलं नाही. इथल्या रजिस्ट्रेशनची परीक्षा होईपर्यंत मी गोठवलेल्या मटारच्या कारखान्यात पॅकिंगला होते. थंडी तिथंही आणि घरीही.

त्याच थंडीत अण्णा गेले. माझा पासपोर्ट व्हिसासाठी जमा होता. जाता आलं नाही. फोनवर दादा म्हणाला, "दहावा, तेरावा, सगळं रीतसर करतोय."

"आणि पत्रक?"

"वेडी आहेस का? गावात राहायचंय मला. तुझं बरंय, तिकडं बसून तत्त्वं सांगायला."

पत्रक छापलं गेलं नाही. ज्या माणसानं जन्मभर पिंड नाकारला, त्याच्या पिंडाला कावळा शिवला म्हणून गावानं समाधान मानलं. त्यानंतर दादा आणि मी बोललेलो नाही.

इथलं मराठी मंडळही मागे नव्हतं. सेक्रेटरी लेलेकाका हॉस्पिटलात फार्मासिस्ट. स्वभावानं वाईट नाहीत, भेटायला येताना आमटी घेऊन आले. बसल्या बसल्या म्हणाले, "तुझ्या समाधानासाठी इथंही पिंड ठेवू. या देशात कावळा नाही, पण मी पुण्याच्या गुरुजींना विचारलंय. सीगल चालतो."

समुद्रावर टाकलेले चिप्स खाणारा पक्षी माझ्या बापाचा आत्मा मुक्त करणार होता! मी हसले. लेलेकाका दुखावले. "शिकलेल्या मुलींचं हे असंच असतं," म्हणत त्यांनी डबा रिकामा करून मागितला.

मार्चमध्ये मंडळाचा पाडवा झाला. हॉलच्या बाहेर झाडांची पानं पिवळी पडून गळत होती आणि आत स्टेजवर थर्माकोलची मोहोर आलेली आंब्याची फांदी. लेलेकाका माईकवर "वसंत ऋतूचं स्वागत" करत होते. मी शेजारच्या बाईंना म्हटलं, "बाहेर शरद आहे." त्या म्हणाल्या, "अगं, आपल्याला काय त्याचं? आपण आपलं करायचं."

त्याच आठवड्यात कारखान्यातली मोइरा मला म्हणाली, "रविवारी आमच्याकडे ये. दिवस-रात्र सारखे झालेत, आम्ही शरदाचा सण करतो." मोइरा ड्रुइड आहे, हे कँटीनमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. तिचे लोक झाडं, ऋतू, पृथ्वी यांना पूज्य मानतात. मला अण्णा आठवले: तिकडेही बुवा असतील. मी पत्रक पर्समध्ये घातलं आणि भांडायच्या तयारीनं गेले.

मोइराचं मागचं अंगण. दहाएक माणसं. एक बसड्रायव्हर, एक लायब्ररीतली बाई, कुणी शॉर्ट्स आणि जँडल्सवर, म्हणजे रबरी सपातांवर. मध्ये पाटावर सफरचंदं, मका, घरी भाजलेला पाव. मी बुवा शोधत होते आणि तिथं भांडण चाललं होतं. ग्रॅहम नावाचे पांढऱ्या दाढीचे आजोबा इंग्लंडहून आलेलं पुस्तक हलवत म्हणत होते, "शरदाचा सण सप्टेंबरात. यात छापलंय."

"ग्रॅहम, तुझ्या टोपीवर पान पडलंय," मोइरा म्हणाली. "पुस्तकाला विचार, ते कुठून आलं."

सगळे हसले. ग्रॅहमनीही टोपी झटकली. "बरं बाई. मार्च तर मार्च. स्वीट ॲज." म्हणजे इथल्या बोलीत 'झकास'.

मग ते पाटाभोवती फिरू लागले आणि मीही. चार पावलांत मी ग्रॅहमच्या पोटावर आदळले. सगळे घड्याळाच्या काट्यांविरुद्ध वळसा घेत होते, मी एकटी उलटी. "दुसऱ्या बाजूनं, लव्ह," ते म्हणाले. "इथं सूर्य उत्तरेकडून जातो ना. त्याच्याबरोबर चालायचं." आयुष्यात एकही देऊळ न फिरलेली मी, पण माझे पाय आपोआप प्रदक्षिणेच्या दिशेनं वळले होते. मेंदूवर अण्णांची पत्रकं होती, पण पायांवर कराड होतं. या माणसांनी मात्र पायही बदलले होते.

देवी वगैरे मला तिथं पटली नाही, आजही पटत नाही. मोइरानं भूमातेला हाक मारली तेव्हा मी हात खिशात ठेवले. ते तिनं पाहिलं आणि हाक पुढे चालू ठेवली. शेवटी प्रत्येकानं वर्षाचं पीक म्हणून एक वस्तू पाटावर ठेवायची होती आणि काय गमावलं ते सांगायचं होतं. कुणी भोपळा ठेवला, कुणी लोकरीचे मोजे. माझ्याकडे पत्रकच होतं.

"वाचून दाखव," मोइरा म्हणाली.

मी मराठीत वाचलं. कुणाला एक अक्षर कळलं नाही, पण कुणी हललंही नाही. मग अर्थ सांगितला: देव माना, नका मानू, पण आधी विचारा. विचारलं म्हणून कुणी मेलं नाही; न विचारल्यामुळे मात्र पुष्कळ मेले.

मग ग्रॅहम म्हणाले, "तुझ्या वडिलांनी आम्हाला ढीगभर त्रास दिला असता."

"दिला असता," मी म्हटलं, आणि अण्णा गेल्यानंतर पहिल्यांदा रडले.

यात गोड काही शोधू नका. अण्णांचं पत्रक त्यांच्या मरणानंतर एकदाच वाचलं गेलं, आणि ते देवीला हाक मारणाऱ्या, मराठी न कळणाऱ्या माणसांच्या अंगणात. त्यांनी मागितला होता स्टँडसमोरचा चौक. ती इच्छा अजून तशीच आहे. आम्ही आता उत्तरेच्या खिडक्यांच्या घरात राहतो, ऊन येतं, बुरशी नाही. पण माझं घर म्हणाल तर तो चौक आहे, आणि तिथं माझ्या बापाला सध्या जागा नाही.

दादा करणार नाही, म्हणून तुम्हाला सांगते. येत्या सप्टेंबरात तुमच्याकडे दिवस-रात्र सारखे होतील, शरद येईल, आणि त्याच सुमारास पितृपक्ष असेल. त्या दिवसांत गच्च्यांवर कावळ्यांची वाट बघणं चालू असताना, तुमच्यातल्या एकानं तरी पत्रकातल्या वर सांगितलेल्या त्या दोन ओळी कागदावर उतरवून घ्याव्यात, चार प्रती काढाव्यात आणि कराडच्या स्टँडसमोर उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातात द्याव्यात. कुणी विचारलं, कुणाचं आहे हे, तर सांगा: अण्णा मास्तरांचं श्राद्ध आहे.