‘कल’ला बंदी असलेला कोर्स

तिसऱ्या संस्थेत फळ्यावर खडूने लिहिले होते : ‘कल लिखना मना है’. कल्पनाताई दारातच थांबल्या, फळा दोनदा वाचला आणि हसल्या. आदल्या दिवशी दोन संस्था पाहून झाल्या होत्या. तिथे त्या एकदाही हसल्या नव्हत्या.

मी जबलपूरमधल्या एका खासगी हॉस्पिटलचा एचआर मॅनेजर आहे. कल्पनाताई आमच्याकडे वॉर्ड अटेंडंट. पेशंटला कुशीवर वळवणे, बीपी मोजणे, ड्रेसिंगच्या वेळी सिस्टरला मदत करणे ही त्यांची कामे. आम्ही दोघे संस्था पाहत का फिरत होतो, ते आधी सांगायला हवे.

हॉस्पिटलला ॲक्रेडिटेशन हवे होते. म्हणजे बाहेरचे तपासनीस येतात, कागद आणि काम दोन्ही पाहतात आणि दर्जा देतात किंवा नाकारतात. तयारी करताना मी स्टाफची यादी काढली. पेशंटला हात लावणाऱ्यांपैकी पाच जणांकडे कोणतेही सर्टिफिकेट नव्हते. पाचही जण काम करता करता शिकलेले. मेडिकल सुपरिंटेंडेंट डॉ. तिवारी यांनी यादी पाहिली आणि निर्णय दिला. तपासणी आठ महिन्यांवर होती. तोवर ज्याच्याकडे मान्यताप्राप्त कोर्सचे सर्टिफिकेट नसेल, तो हाउसकीपिंगमध्ये जाईल. अर्धी फी हॉस्पिटल भरेल. आठवड्यातून दोन दिवस ड्यूटीतून मोकळीक मिळेल. संस्था मी पंधरा दिवसांत शोधायची.

हा निर्णय कल्पनाताईंना मीच सांगितला. त्या चेरीतालला राहतात. वडील संरक्षण कारखान्यातून रिटायर झालेले. घरात मराठी, बाकी सगळीकडे हिंदी.

“नऊ वर्षं पेशंटला हात लावून राहिली मी,” त्या म्हणाल्या. “आता फक्त फरशीला लावायचा काय सर?”

मी म्हणालो, कोर्स करा म्हणजे लावावा लागणार नाही. त्यावर त्यांनी विचारले, कोणता कोर्स. त्याच संध्याकाळी मी शोधायला बसलो.

मेडिकल असिस्टंटच्या सहा महिन्यांच्या कोर्सच्या जाहिराती शहरात जागोजागी आहेत. ऑटोच्या मागे आहेत, विजेच्या खांबांवर आहेत. मी नऊ नावे काढली. सगळ्यांनी फोनवर सांगितले की आम्ही ‘रजिस्टर्ड’ आहोत. सामान्य माणूस पहिल्यांदा फसतो तो या शब्दाला. रजिस्टर्ड म्हणजे संस्था कुठेतरी नोंदलेली आहे, एवढेच. आमच्या गल्लीतले गणेश मंडळही रजिस्टर्ड आहे. ते आरती उत्तम करते, पण सर्टिफिकेट देत नाही. विचारायचे असते ते मान्यतेबद्दल. मान्यता संस्थेला आहे का, याच कोर्सला आहे का आणि याच सत्रासाठी आहे का. तिन्ही उत्तरे एका कागदावर मिळाली पाहिजेत. एका संस्थेच्या भिंतीवर मान्यतेचे पत्र फ्रेम करून लावले होते. पत्र खरे होते, पण एक्स-रेच्या कोर्सचे होते.

नऊपैकी तीन नावे उरली. तिन्ही ठिकाणी एकट्याने जायचे नाही, असे मी ठरवले. सर्टिफिकेटचा कागद मला वाचता येतो. बीपीचे यंत्र वाचता येत नाही. म्हणून कल्पनाताईंना बरोबर घेतले.

पहिली संस्था ओमतीजवळ. एसी, काचेचे दार, गळ्यात ओळखपत्र घातलेली कौन्सेलर. फी तिन्ही संस्थांत सर्वांत जास्त. ती मुलगी कल्पनाताईंना दीदी म्हणत होती आणि नोकरीची शंभर टक्के खात्री देत होती. दीदींना नोकरी आहे, असे मी दोनदा सांगितले. त्याचा उपयोग झाला नाही. उपस्थितीचे विचारले तेव्हा ती म्हणाली, “वो मैनेज हो जाएगा सर.”

मग लॅब दाखवली. सरावासाठीचा पुतळा पलंगावर होता, अंगावर कारखान्यातून आलेले प्लास्टिक तसेच. कल्पनाताईंनी टेबलावरचे बीपीचे यंत्र उचलले, दंडाला गुंडाळायचा वेल्क्रोचा पट्टा चिकटवला आणि ओढून उघडला. करकर असा मोठा आवाज आला. त्यांनी माझ्याकडे पाहिले. बाहेर पडल्यावर त्या म्हणाल्या, “पट्टा कोरा हाय सर. आमच्या वॉर्डातला पट्टा पाहा, त्यात धागे नि केस अडकून चिकटायचाच बंद होतो. हा पट्टा कोणी कोणाला बांधलाच नाही.”

दुसऱ्या संस्थेत लॅब नव्हती. दोन खोल्या होत्या आणि एक प्रिंटर होता. फी सर्वांत कमी, कोर्स एका महिन्याचा, येण्याची गरज नाही. त्यांच्या सहा महिन्यांच्या कोर्सचे मान्यतापत्र मी पाहिले होते. महिन्याचा कोर्स त्या पत्रात नव्हता. मी निघालो. कल्पनाताई माझ्यामागून जिना उतरल्या. खाली आल्यावर म्हणाल्या, “हेच करून टाकू ना. काम तर येतेच मला.”

त्यांचे म्हणणे चूक नव्हते. काम त्यांना येत होते. पण तपासनीस कागद पाहून थांबत नाहीत, कागदामागचे विचारतात. कुठे शिकलात, कोणी शिकवले, सराव किती केला. हे मी सांगितले. त्या म्हणाल्या, पाहू.

पाचांपैकी एकाने मात्र हाच कोर्स नंतर स्वतःच्या खर्चाने केला. मला न सांगता.

तिसरी संस्था एका ट्रस्टच्या जुन्या इमारतीत होती. फी पहिल्या संस्थेच्या निम्म्याहून कमी. प्रमुख बाई सैन्याच्या नर्सिंग सेवेतून निवृत्त झालेल्या. सगळे त्यांना मेजर मॅडम म्हणत. पुतळ्याचा एक हात खांद्यापाशी टेपने जोडलेला. बीपीचे पट्टे सगळे मळलेले. कल्पनाताईंनी एक पट्टा उघडला. आवाज जवळजवळ आलाच नाही. पण त्या थांबल्या होत्या त्या फळ्यापाशी.

मॅडमनी विचारले, हसलात काहून? शब्द अर्थात हिंदीत होते. कल्पनाताईंनी जे सांगितले ते मी नऊ वर्षांत ऐकले नव्हते.

त्यांच्या नोकरीचा दुसरा आठवडा. वॉर्डात पाळी बदलताना जाणारी माणसे येणाऱ्यांसाठी रजिस्टरमध्ये नोंदी करतात. त्याला हँडओव्हर म्हणतात. संध्याकाळच्या पाळीने लिहिले होते : ‘बेड चार, ड्रेसिंग कल.’ सकाळी ते कल्पनाताईंनी वाचले. हिंदीत ‘कल’ म्हणजे उद्याही आणि कालही. वाक्यात क्रियापद आले की कोणता ते कळते. रजिस्टरमध्ये क्रियापद नसते. त्यातून कल्पनाताईंच्या कानात घरचा ‘काल’. त्यांनी वाचले ते असे : ड्रेसिंग काल झाले. त्यांनी सिस्टरला आठवण करून दिली नाही. बेड चारची पट्टी संध्याकाळपर्यंत भिजून गेली होती. जखम पुढे बरी झाली. पण त्या पेशंटच्या बायकोने त्यांना जे विचारले, ते त्या विसरल्या नव्हत्या. काय विचारले, ते त्यांनी आम्हाला सांगितले नाही.

“तेव्हापासून मी तारीखच लिहिते,” त्या म्हणाल्या. “सगळे हसतात. दीदी कैलेंडर है, म्हणतात.”

मेजर मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी विचारले, “मराठी में परसों को क्या कहते हैं?”

“परवा.”

“आने वाला या गया हुआ?”

कल्पनाताईंनी फळ्यावरच्या ‘कल’कडे पाहिले. “दोनों.”

“तो वो भी मना है,” मॅडम म्हणाल्या आणि खडू घेऊन फळ्यावर ‘परवा’ लिहिले.

त्यानंतर मी कागद तपासले. संस्था, कोर्स, सत्र, तिन्ही एका पत्रावर होते. सराव एका लहान हॉस्पिटलात, खऱ्या पेशंटवर, सिस्टरच्या देखरेखीखाली. विद्यार्थ्यांची रजिस्टरे मी मागितली, त्यांनी लगेच दिली. पानोपानी तारीख, वेळ आणि सही. अडचण एकच होती. वर्ग आठवड्यातून तीन दिवस. मी दोन दिवसांचे विचारून पाहिले. मॅडम म्हणाल्या, आजारी माणूस दोन दिवसांत बसवता येत असेल तर कोर्सही बसवते.

डॉ. तिवारींना पहिली संस्था आवडली होती. त्यांनी तिचे माहितीपत्रक पाहिले होते. तीन दिवस ते देणार नाहीत, हे मला माहीत होते. वाद घालण्यापेक्षा कागद नेलेला बरा. मी आमच्याच वॉर्डाचे हँडओव्हर रजिस्टर घेऊन गेलो. एका महिन्याच्या पानांत जिथे जिथे ‘कल’ होता, तिथे पेन्सिलने गोल केला होता. पाने गोलांनी भरली होती.

एका गोलावर बोट ठेवून मी विचारले, “सर, यह वाला हो चुका है या होना है?”

नोंद होती : ‘बेड सात, कैथेटर चेंज कल.’ डॉक्टरांनी चष्मा लावला. म्हणाले, होना है. मग वॉर्ड सिस्टरला फोन लावला आणि तीच ओळ वाचून दाखवली. स्पीकर चालू होता. सिस्टर म्हणाली, “हो गया होगा सर.”

त्यांनी रजिस्टर मिटले. मग विचारले की असे किती दिवसांपासून चालू आहे. मी म्हणालो, हॉस्पिटल उघडल्यापासून. एकच बाई तारीख लिहिते आणि तिला आपण हाउसकीपिंगला पाठवतो आहोत.

“तीन दिन दे दो,” ते म्हणाले. “लेकिन ड्यूटी चार्ट तुम बनाओगे.”

ड्यूटी चार्ट मी बनवला. सहा महिने त्या चार्टने मला छळले. चार जण तीन दिवस बाहेर, सणासुदीत सिस्टर कमी, त्यात डेंग्यूचे पेशंट. दोनदा मी स्वतः स्ट्रेचर ढकलले. कल्पनाताईंचा एकही वर्ग चुकला नाही. परीक्षेत लेखी पेपर त्यांना जड गेला, प्रात्यक्षिक सोपे. त्या पास झाल्या. चौघेही झाले.

तपासणीच्या दिवशी दोन तपासनीस वॉर्डात आले. एकाने महिन्याच्या कोर्सवाल्याला विचारले की सराव कुठे केला. त्याला संस्थेचा पत्ता सांगता आला नाही. तो आता लिनन स्टोअरमध्ये आहे, चादरी मोजतो आणि बरे काम करतो. दुसऱ्याने रजिस्टर उघडले आणि कल्पनाताईंना बेड अकराबद्दल विचारले. त्यांनी रजिस्टर न पाहता तारीख आणि वेळ सांगितली. तपासनिसाने नोंदीशी पडताळून पाहिले. मग मागची दहा पाने चाळली. तारीख आणि वेळ सगळीकडे होती. मेजर मॅडमची बंदी आमच्या वॉर्डातही लागू होऊन चार महिने झाले होते. ती कल्पनाताईंनी आणली होती, परिपत्रक न काढता. जो ‘कल’ लिहील, त्याच्यापुढे त्या रजिस्टर परत ठेवत आणि विचारत, “भैया, कौन सा?”

दर्जा मिळाला. कल्पनाताईंच्या ओळखपत्रावर आता मेडिकल असिस्टंट लिहिलेले आहे. फरशीला त्यांना हात लावावा लागला नाही.

लोक मला अजून फोन करतात. अलीकडे मझौलीहून एका वडिलांनी मुलीसाठी विचारले, स्वस्त आणि चांगला कोर्स कोणता. मी नाव सांगण्याआधी तपासायची रीत सांगतो. मान्यतेचे पत्र पूर्ण वाचा. बीपीचा पट्टा उघडून ऐका. विद्यार्थ्यांचे रजिस्टर मागा आणि ते द्यायला किती वेळ लागतो ते घड्याळात पाहा. फी शेवटी विचारा. स्वस्त कोर्स वाईट असतोच असे नाही, आणि एसीने सराव होत नाही.

तपासणीच्या शेवटच्या बैठकीत तपासनिसांनी एक राहिलेला कागद मागितला. अग्निशमनाचा होता. कधी देता, असे त्यांनी विचारले.

“कल दे देंगे,” डॉ. तिवारी म्हणाले.

कल्पनाताई चहाचा ट्रे घेऊन येणाऱ्या मुलीला वाट देत दाराशी उभ्या होत्या. त्यांनी मान वळवून डॉक्टरांकडे पाहिले. डॉक्टरांचे लक्ष त्यांच्याकडे गेले. ते थांबले आणि त्यांनी तारीख सांगितली. मी ती इतिवृत्तात लिहून घेतली. वेळेसह.