वळणावरून दिसणारा डोंगर

माझ्या आईचे डोळे जाणार आहेत, हे घरात सगळ्यांत शेवटी मला कळलं. दुकानासाठी टाइल्स बघायला मी मोरबीला गेलेलो. तेवढ्यात धाकट्या भावाने तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं, तपासण्या केल्या आणि कल्याणच्या माझ्या घरातून तिचे कपडे भरून तिला बाळकुमला स्वतःच्या फ्लॅटवर नेलं. मला का नाही सांगितलंस, असं मी फोनवर विचारलं तेव्हा तो म्हणाला, "दादा, तू डॉक्टरशीपण घासाघीस केली असतीस."

हे वाक्य मी विसरलेलो नाही. तो कॉलेजात जायचा तेव्हा मी याच कल्याणात दुसऱ्याच्या गोदामात लाद्यांच्या पेट्या उचलत होतो. घासाघीस मी शौक म्हणून शिकलो नाही. ती नसती तर आई आणि आम्ही दोघं भाऊ अजून भाड्याच्या एकाच खोलीत असतो.

त्याच आठवड्यात मी बाळकुमला जाऊन भांडलो. आईला आजच्या आज परत नेणार, असं म्हणून उठलो आणि चपला घातल्या. धंद्यातली माझी ही जुनी रीत आहे. भाव पटत नसला की उठायचं आणि सावकाश चालायला लागायचं. समोरच्याला गरज असेल तर पायरी उतरायच्या आत मागून हाक येते. मी सगळे मजले जिन्याने उतरलो. हाक आली नाही. त्यानंतर मी तिथे पाऊल ठेवलं नाही.

आई मात्र रोज फोन करायची. एकदा म्हणाली, "मधलंच जातंय रे. तुझ्या भावाचे कान दिसतात, तोंड दिसत नाही."

"बरंय की," मी म्हणालो.

ती हसली. मग म्हणाली, "आमचा डोंगर एकदा बघायचा होता."

तिचं माहेर मुरबाडच्या पुढे, घाटाच्या पायथ्याला. त्या गावात लग्न झालेल्या मुलीला सासरी निघताना गावाबाहेरच्या वळणावर थांबवतात. तिथून तिने डोंगराकडे एकदा नीट बघून घ्यायचं आणि मग मागे वळायचं नाही. डोंगराला तीन टोकं. दोन थोरली आणि त्यांच्या कुशीत एक बुटकं, त्याला गावात धाकटी म्हणतात. आईचे गुडघे आता गाडीत तासभरही बसू देत नाहीत. म्हणून ती म्हणाली, "फोटो आण. टीव्हीवर मोठा करून दाखव, मी कडेने बघीन. एवढे डोंगर काढलेस, माझा कधी काढलास?"

हे खरं होतं. दुकान बंद असलं की मी कॅमेरा घेऊन एकटाच मोटरसायकलवर घाटांत जातो. भिंतीभर फोटो आहेत. तिच्या गावावरून कितीदा गेलो असेन, पण त्या वळणावर कधी थांबलो नव्हतो. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दिवाळीनंतर किती दिसेल याची खात्री नाही. गणपती होऊन गेले होते आणि पाऊस अजून रेंगाळत होता.

उजाडताना शहाडचा पूल ओलांडला. मुरबाड सुटल्यावर ढग फाटले आणि लांबून तिन्ही टोकं दिसली. मी गाडी पिळली. वळणावर पोचलो तर तिथे भिंत. शेताचे प्लॉट पडलेले, मोठं गेट, आणि ज्या दगडाशी मुली थांबायच्या तो दगड गेटच्या आत. बाहेरून फक्त भिंत आणि तिच्यावरची तार दिसत होती.

वॉचमन म्हणाला, "मालकाला फोन लावतो. रेंज आली की लागंल. बसा तवर, च्या घ्या."

"आत येऊन एक फोटो काढायचाय. जमीन उचलून नेत नाही मी."

"त्ये खरं, सायेब. पन इचारल्याबिगर नाय."

मी खिशात हात घातला, तो नाही म्हणाला. मग दम दिला. तोही त्याने ऐकून घेतला. गेटच्या फटीतून डोंगराचा एक तुकडा अजून मोकळा दिसत होता, पण डावीकडून ढग सरकत येत होते. मला घाई होती, म्हणजे गरज मला होती, आणि ती त्याला दिसत होती. अशा वेळी मी जे करतो तेच केलं. हेल्मेट घातलं, किक मारली, गाडी पहिल्या गिअरमध्ये सावकाश सोडली. आरशात बघत राहिलो. तो गेटला कडी लावून चहाच्या पातेल्याकडे वळला.

परत फिरायला हवं होतं. फिरलो नाही.

घाट चढून वर गेलो. सगळे फोटो काढतात त्या कठड्याशी भिजत उभा राहिलो. खूप वेळाने धुकं क्षणभर बाजूला झालं आणि डोंगर समोर आला, ओला, काळा, अंगावर पाण्याच्या रेघा. भराभर शटर दाबलं. एवढा चांगला फोटो मी आयुष्यात काढला नव्हता. उतरताना वळणावरून गेलो, तेव्हा भिंतीमागे सगळं पांढरं होतं.

तसाच ओल्या कपड्यांनी बाळकुमला गेलो. भावाने दार उघडलं आणि टॉवेल दिला. त्यानेच फोटो टीव्हीवर लावला. आई पडद्याच्या अगदी जवळ खुर्ची ओढून बसली. मान तिरकी करून डोळ्याच्या कडेने तिने तो बघितला, मग दुसऱ्या डोळ्याने.

"छान आहे," ती म्हणाली. थोड्या वेळाने विचारलं, "धाकटी कुठाय?"

मी पडद्याकडे बघितलं. टोकं दोनच होती. वरून बघितलं की धाकटी थोरल्यांच्या मागे जाते. एवढी घाई केली आणि हे बघितलंच नव्हतं.

"आपण हा असा नाही बघत," आई म्हणाली. "ही त्याची पाठ झाली. वळणावर गेलेलास ना?"

"तिथे गेट आहे. सोडत नाहीत."

"बिलकुलच नाही सोडत?"

"बसा म्हणाला. मालकाला विचारतो म्हणाला."

"मग?"

भाऊ पाठीमागून म्हणाला, "मग काय, दादाने भाव केला असेल."

माझा हात उठायचाच बाकी होता. पण आई अजून मान तिरकी करून पडद्यावर चाचपत होती, दोन टोकांच्या मधल्या जागेत बोट फिरवत होती, जणू धाकटी तिथेच असेल आणि तिलाच दिसत नसेल. धाकटी या फोटोत नाहीच, असं सांगितलं तरी ती ऐकेना. मी टीव्ही बंद केला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं नाही. गेटशी गाडी बंद केली आणि चावी खिशात टाकली. वॉचमनने ओळखलं, पण तसं दाखवलं नाही. मी म्हणालो, "मालकाला फोन लावा. मी बसतो." त्याने बसायला पुठ्ठा झटकून दिला. मालकाचा फोन लागायला दुपार झाली. मालक आत जाऊ दे म्हणाला. मी आत गेलो, दगडाशी उभा राहिलो. समोर ढग. डोंगर होता की नव्हता, काही कळत नव्हतं.

तेव्हापासून रोज जातोय. काल आईचा फोन आला तेव्हा त्याच दगडावर बसलेलो, कॅमेऱ्यावर प्लास्टिकची पिशवी.

"दिसला का?"

"नाही."

"भावाचे कानपण आता पुसट झालेत रे," ती म्हणाली.

मी खिशातून चावी काढली, ती खुळखुळली.

"उठू नकोस," ती म्हणाली. "बस."