खोलीत लोखंड आणायचं नाही

आमची आत्या गेल्यावर लोक तिच्याबद्दल काय बोलतील याची मला चिंता नाही. जे बोलायचं ते सगळे तिच्या तोंडावरच बोलून मोकळे झाले आहेत. भांडकुदळ, तिरसट, नाकावर माशी बसू न देणारी. यातलं एक अक्षरही खोटं नाही. मी तिच्याबरोबर एकाच घरात वाढले, त्यामुळे यात दोनचार शब्दांची भर मलाही घालता येईल. पण तिची कॉईल वाईट असते असं मात्र कोणी म्हणत नव्हतं. गेल्या थंडीत ते म्हणायची वेळ आली.

आत्या सोनं शोधायच्या यंत्राच्या कॉईली बनवते. आमच्या वस्तीपलीकडे उजाड टेकड्या आहेत, तिथे माणसं मेटल डिटेक्टर घेऊन दिवसभर जमीन झाडल्यासारखी चालत असतात. यंत्राच्या दांड्याच्या टोकाला जी चपटी थाळी असते तिच्यात तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. तीच कॉईल. कंपनीच्या मोठ्या कॉईली तिथल्या लोखंडी दगडांवर उगाच केकाटत बसतात आणि तांदळाच्या कणीएवढं सोनं खुशाल सोडून देतात. आत्याची बशीएवढी कॉईल ती कणी पकडते. सोनं शोधणारे तिला तारवाली म्हणतात, आणि तिच्या शिव्या खाऊन पुन्हा तिच्याच दारात येतात.

हे काम तिच्या हातात आलं ते नवऱ्यामुळे. तो विजेच्या जळलेल्या मोटारी रिवाइंड करायचा, म्हणजे त्यांच्यात नवी तार गुंडाळायचा. तो वारल्यावर आत्या माहेरी परतली ती भांडीकुंडी न आणता त्याचं वाइंडिंगचं हँडल आणि तारेची रिळं घेऊन. तळमजल्यावरची मागची खोली तिने बळकावली. बळकावली हा शब्द बाबांचा. वरच्या मजल्यावर आम्ही, खाली ती, आणि मधल्या जिन्यावर मी, दोघांचे निरोप एकमेकांना पोचवत. माझं लहानपण त्या जिन्यावर गेलं आणि त्याबद्दल मी दोघांनाही माफ केलेलं नाही.

कॉईलमध्ये तारेची दोन वेटोळी असतात. एक ओरडतं, दुसरं ऐकतं. दोन्ही एकमेकांवर थोडी चढवून ठेवायची आणि केसाकेसाने सरकवत राहायचं. एक जागा अशी येते की ओरडणाऱ्याचं ऐकणाऱ्याला काहीच ऐकू येत नाही. यंत्र एकदम गप्प होतं. मग जमिनीतला सोन्याचा कण त्या शांततेत चिमटा काढतो, आणि तेवढाच आवाज येतो. ती जागा सापडली की वरून रेझिन ओतायचं. रेझिन घट्ट झालं की झालं, मग देव आला तरी वेटोळं हलत नाही. पण रेझिन आवळेपर्यंत कोणालातरी बोटांनी वेटोळं दाबून धरावं लागतं, श्वास रोखून.

आणि तेव्हा आसपास धातू नको. त्या खोलीचा हा एकच कायदा होता: खोलीत लोखंड आणायचं नाही. टेबलाला खिळा नाही, सगळ्या लाकडी खुंट्या. खिडकीचे गज काढून तिने फळ्या बसवल्या, त्याही डिंकाने. आईच्या केसात एकदा पिन निघाली तर तिने आईला असं काही सुनावलं की आई पुन्हा त्या उंबऱ्याशी गेली नाही. “वन्सं मरतील तेव्हाच मी त्या खोलीत पाय टाकीन,” असं आई म्हणते, आणि आत्याला ते माहीत आहे.

आता बाबांचं. बाबा चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचे, त्यामुळे हात दगडासारखा स्थिर. मी लहान असताना आत्याच्या स्कूटरवर ते मागे बसले होते. चौकात वळताना स्कूटर आडवी झाली. आत्याला खरचटलंसुद्धा नाही. बाबांच्या डाव्या हाताची कोपराखालची दोन्ही हाडं मोडली आणि आत स्टीलची पट्टी बसली, स्क्रूसकट. बाबांचं म्हणणं, मी तिला हळू घे म्हणालो होतो. आत्याचं म्हणणं, रस्त्यावर तेल होतं, हा मागे पोत्यासारखा बसला होता, आणि मुळात मुरगळलं होतं नुसतं, डॉक्टरांनी उगाच कापाकापी केली. ती दवाखान्यात भेटायलासुद्धा आली नाही. बाबांनी त्यानंतर तिच्यासमोर हाताचं नाव काढलं नाही. फक्त खाली उतरताना ते बाह्या मनगटापर्यंत ओढून बटणं लावतात, उन्हाळ्यातसुद्धा. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. आमच्या घरात तर सुंभही जळलेला नव्हता.

अलीकडे आत्याचे हात थरथरायला लागले. कबूल करेल तर ती आत्या कसली. पण रेझिन आवळताना बोट एवढंसं हललं की कॉईल फुकट, आणि लागोपाठ कॉईली परत यायला लागल्या. आत्याने आधी रेझिनला शिव्या दिल्या, मग तारेला, मग गिऱ्हाइकांना. नाचता येईना अंगण वाकडं. बाबा वरून ऐकत होते. एक दिवस ते जिना उतरून तिच्या दारात उभे राहिले.

“धंदा संपलाय तुझा. खोली रिकामी कर. मला भाडेकरू ठेवायचाय.”

“एक कॉईल बाकी आहे. टोळीवाल्याची. ती जमली तर त्याची सोनं शोधणारी सगळी माणसं माझ्याकडून घेणार आहेत.”

“आणि नाही जमली तर?”

“तर खोली तुझी. बस तिच्यात एकटा.”

“ठरलं. पण उद्या म्हणशील हात थरथरले म्हणून बिघडली. मी धरतो. माझा हात हलत नाही. मग रडायला तुला निमित्त उरणार नाही.”

माया म्हणून नाही, तिचं तोंड बंद करायला बाबा मदत करणार होते. आणि गरजेपोटी नाही, भावाला चुकीचा ठरवायला आत्या ती घेणार होती. दोघं एकाच आईच्या पोटची आहेत याचा यापेक्षा पक्का पुरावा नको.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा खाली गेले. मला रेझिन ढवळायला बोलावलं होतं. आत्याने दारातच बाबांची झडती घेतली.

“घड्याळ?”

“काढलंय.”

“अंगठी? पट्टा? किल्ल्या?”

“नाहीत.”

“बाह्यांची बटणं कसली?”

“प्लास्टिकची.”

तिने बटण दाताखाली धरून पाहिलं. “दातात चांदी भरलीय?”

बाबांनी आ वासून दाखवलं. आत्याने विहिरीत डोकावावं तसं वाकून पाहिलं आणि नाक मुरडलं. “घास जरा. ये आत.”

बाबांनी डावा हात कॉईलच्या कडेला आडवा टाकला आणि दोन बोटांनी वेटोळं दाबलं. आत्या पलीकडून सरकवत होती आणि यंत्राचा आवाज उतरत होता. मध्येच ती म्हणाली, “श्वास बाहेर सोड, माझ्या तोंडावर नको.” बाबा म्हणाले, “तोंड फिरव.” मग आवाज पूर्ण बंद झाला. आत्याने यंत्र बंद केलं आणि मी रेझिन ओतलं. ते आवळेपर्यंत बाबांचा हात तसूभर हलला नाही. आत्या त्या बोटांकडे बघत होती, आणि तिला मनातून ती आवडली असावीत, कारण तिने तेवढा वेळ एकही टोमणा मारला नाही.

सकाळी टोळीवाला आला. अंगापिंडाने थोराड, बोलायला गोड आणि आतून पक्का. आत्याने त्याचे बूट दाराबाहेर काढायला लावले, कारण पुढच्या टोकाला लोखंडी टोपी होती. बाबा दारात हाताची घडी घालून उभे राहिले. त्यांना काय हवं होतं ते मला तेव्हाही कळलं नव्हतं. काम फत्ते व्हावं की फसावं?

आत्याने कॉईल यंत्राला जोडली आणि बटण दाबलं. कॉईल किंचाळायला लागली.

बटण बंद. पुन्हा चालू. पुन्हा तेच. आत्याने टोळीवाल्याची बॅटरी काढून पाहिली, मग त्याच्या यंत्राला नावं ठेवली, मग मला विचारलं, “रेझिन कसं ढवळलंस गाढवे?” मी म्हणाले, जसं सांगितलं तसं. तिने खोलीभर नजर फिरवली, टेबल, खिडकी, कोपरे. शेवटी ती नजर दारात बाबांच्या डाव्या बाहीवर गेली आणि तिथेच थांबली.

तिचा चेहरा उतरला. आत्याचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. मला तेव्हा कळलं. काल खोलीत स्टील होतं. तिने बटण चावून पाहिलं, दात तपासले, आणि कोपराखालची ती पट्टी मात्र विचारली नाही, कारण तिच्या लेखी ती पट्टी नव्हतीच. मुरगळलं होतं ना नुसतं. कॉईल शांत झाली होती ती बाबांच्या हातातल्या स्टीलसकट. हात उचलला आणि सगळा तोल गेला.

आत्याने बटण बंद केलं. “फसली,” ती म्हणाली. “खोली रिकामी करते.” आणि खरोखरच रिळं खाली उतरवायला लागली. एका वाक्यात सगळं निस्तरलं असतं, पण ते वाक्य तोंडातून काढण्यापेक्षा तिला घराबाहेर पडणं सोपं वाटत होतं. मला तिचा इतका संताप आला की तिच्या हातातली रिळं हिसकावून तिच्याच डोक्यात घालावीशी वाटली.

टोळीवाला गोड आवाजात म्हणाला, “जाऊ द्या मावशी. वय झालं आता. हात राहिला नाही तुमचा. मी आपली कंपनीचीच घेतो.”

हे त्याने बोलायला नको होतं. जगात आत्याला भांडणापेक्षा प्रिय अशी एकच गोष्ट आहे, तिची कॉईल. तिने रीळ खाली आदळलं.

“हात राहिला नाही? थांब.”

ती दाराशी गेली आणि तिने बाबांचं मनगट धरलं. त्या दिवसाआधी तिने बाबांना हात लावल्याचं मला आठवत नाही. त्यांना ओढत टेबलापाशी आणलं, यंत्र चालू केलं आणि त्या किंकाळीत त्यांचा डावा हात कॉईलच्या कडेला आडवा ठेवला. मग तो हात ती सरकवायला लागली. केसाकेसाने, काल वेटोळं सरकवलं होतं तसाच. आवाज उतरत गेला. आणखी थोडा. आणि एकदम बंद झाला.

दुसऱ्या हाताने तिने आइस्क्रीमच्या काडीला चिकटवलेली सोन्याची कणी कॉईलवरून फिरवली. टुंग. पुन्हा फिरवली. टुंग. टोळीवाल्याने मान पुढे काढली.

“ऐकलंस? कॉईल चोख आहे,” आत्या म्हणाली. “याच्या हातात पट्टी आहे, स्टीलची. मोडला होता हात. दोन्ही हाडं.” तिला दम लागला होता. “स्कूटर मी चालवत होते. हा म्हणाला हळू घे. मी नाही घेतली.”

“रस्त्यावर तेल—” मी बोलून गेले. इतकी वर्षं तेच ऐकलं होतं.

“तेलबिल काही नव्हतं.”

बाबांनी हात उचलला नाही. उचलला असता तर यंत्र पुन्हा ओरडलं असतं. ते तिच्याकडे न बघता कॉईलकडे बघत म्हणाले, “दातापर्यंत विचारलंस. हाताचं विचारायला काय झालं होतं?”

“तुला माहीत होतं? काल?”

“दारातच माहीत होतं. तू विचारायची वाट बघत होतो.”

“म्हणजे माझी खोली गेली असती तरी तू—”

“गेली असती.”

टोळीवाला एकदा हिच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होता. “मग दुसरी बनवा मावशी, यांना लांब ठेवून,” तो म्हणाला. “मी थांबतो आठवडाभर.”

“बनवेल ती,” बाबा म्हणाले. “ही खेप धरायची नाही. माझ्यामुळे फसली. खोली राहू दे तिच्याकडे, त्या कॉईलपुरती.”

“उपकार नकोत तुझे,” आत्या म्हणाली. पण तिची बोटं अजून त्यांच्या मनगटावरच होती. मग ती खालच्या आवाजात म्हणाली, “थंडीत दुखतो. पहाटे वर फेऱ्या मारतोस. खाली सगळं ऐकू येतं.”

बाबा एकदम ताठ झाले. “ऐकू येत होतं तुला?”

“दरवर्षी.”

“आणि तू खाली पडून राहायचीस?”

हात टेबलावरून उचलला गेला आणि कॉईल किंचाळायला लागली. कोणीही ती बंद केली नाही. बाबा कॉईलच्या आवाजाच्या वर ओरडत होते, आत्या त्यांच्या वर. मी टोळीवाल्याला दंडाला धरून बाहेर नेलं आणि त्याच्या हातात त्याचे बूट दिले.

“नेहमी असंच चालतं का हो यांचं?” त्याने विचारलं.

मी नाही म्हणाले. आजवर ती दोघं खोलीवरून, पाण्यावरून, जिन्यातल्या चपलांवरून भांडायची. हाताबद्दल आज पहिल्यांदाच भांडत होती.