बाप्पा सुहासच्या अँटिक गाडीत

मंडळी, आत्ताच विसर्जनाहून घरी आलोय आणि डोकं अजून तापलेलं आहे.

शुगर लँडमधल्या आमच्या मंडळाचे बाप्पा दरवर्षी माझ्या व्हॅनमधून निघतात. यंदा सुहासने सत्तर सालची लाल कन्व्हर्टिबल आणली, मागे जुन्या गाड्यांना मिळते ती टेक्सासची अँटिक नंबरप्लेट! सगळ्या काकू डिजिटल कॅमेरे घेऊन धावल्या. माझी व्हॅन धुऊन, हार घालून उभी होती. तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

मला राहवलं नाही. अध्यक्ष कुलकर्णीकाकांना बाजूला घेऊन म्हटलं, "काका, ती प्लेट रोजच्या वापराला चालत नाही. ऑफिस नाही, ग्रोसरी नाही. उगाच पोलिसांनी अडवलं तर?"

काकांनी सुहासलाच हाक मारली.

"बरोबर बोलतोय तो," सुहास म्हणाला. "ही फक्त शो, क्लबचे कार्यक्रम आणि परेडला काढता येते."

"मग आपली मिरवणूक म्हणजे परेडच की!" काका खूश. "उचला रे बाप्पाला!"

बाप्पा कन्व्हर्टिबलमध्ये बसले. मागोमाग माझी बायको. मग माझा मुलगा: "डॅड, कॅन आय गो विथ सुहास काका?"

माझ्या व्हॅनमध्ये स्पीकर, सतरंज्या आणि कचऱ्याच्या पिशव्या.

"तुझी रोजच्या वापराची आहे ना," काका म्हणाले.

ठरवलंय, ही व्हॅन आता विकायची नाही. पंचवीस वर्षांची झाली की तिलाही तीच प्लेट मिळते. तेव्हा मिरवणुकीत माझ्या गाडीत कोण कोण बसणार, आत्ताच सांगून ठेवा!