घोडं कुठं पेंड खातंय

आमच्याकडं एखादं काम अडलं की हमखास कुणीतरी म्हणतंच, "घोडं कुठं पेंड खातंय ते बघा की आदी." नेमकी अडचण कुठं आहे ते शोधा, एवढाच त्याचा अर्थ. मीही हजारदा म्हटलं असेल. आता ऑफिसात कुणी असं बोललं की मी पाणी प्यायचं निमित्त करून उठते. कारण आमचं घोडं खरोखरच पेंड खात होतं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, आणि आम्हाला दिसलं नाही.

निपाणीपासून आत, हायवे सोडून आमचं गाव. आप्पा, म्हणजे माझे वडील, तरणेपणी निपाणीत टांगा हाकायचे, स्टँडवरून तंबाखूच्या वखारीपर्यंत. रिक्षा आल्या, टांगा गेला, घोड्याचा नाद काही गेला नाही. शेवटी राहिली ती एक पांढरी घोडी. लग्नसराईत नवरदेवाला पाठीवर घेऊन डॉल्बीपुढं नाचायची, एरवी दारात उभी. मला आप्पा 'बाई' म्हणायचे आणि घोडीला 'पोरी'. आई गेल्यापासून घरात बोलायला त्यांना तीच होती. मी बेळगावात नोकरीला. शनिवारी यायची, तर हे खरारा करत तिला आठवडाभराचं गावचं सगळं सांगत उभे. कुणाच्या बोअरला पाणी लागलं, कुणाची सून माहेरी गेली, सगळं.

"आप्पा, पोटची पोरगी मी हाय," मी चिडवायची.

"तू कसली? तू शनवारची पावणी," असं वर तोंड करून सांगायचे.

गेल्या वर्षी उन्हाळ्याची लग्नं संपत आली आणि घोडी पुढच्या पायांनी आखडून चालायला लागली. पाऊल तोकडं पडायचं. वळायचं म्हटलं की पाय टाकायलाच भ्यायची. आप्पांचे स्वतःचे गुडघे गेलेले. मेडिकलमधून सांध्यांच्या गोळ्या आणून खायचे आणि 'लई फरक हाय' म्हणून भेटेल त्याला सांगायचे. त्यामुळं त्यांचं निदान तयारच होतं.

"जे माझं हाय तेच तिचं हाय. सांधं."

"सरकारी दवाखान्यातल्या जनावरांच्या डॉक्टरणीला बोलवूया की," मी म्हटलं.

"तिनं म्हसरं बघितल्यात. घोडं कदी बघितलंय?"

झालं! एकदा आप्पांनी ठरवलं की ब्रह्मदेव आला तरी परत जायचा. संकेश्वरला पेंड-भुशाच्या दुकानातून ते पावडरचा डबा घेऊन आले. डब्यावर एक काळं घोडं कुंपणावरून उडी मारतंय. दुकानदारानं सांगितलेलं, रेसची घोडी हेच खात्यात. मी डबा हातात घेऊन बारीक अक्षरं वाचली. सांध्यांच्या आरोग्याला मदत होऊ शकते, असं इंग्रजीत लिहिलेलं. खाली, पशुवैद्याचा सल्ला घ्यावा.

"आप्पा, 'हुतंय' असं न्हाय लिवलेलं. 'हू शकतंय' असं लिवलंय."

"मग हुईल की."

मी डबा आदळून खाली ठेवला.

पावडरीला सुकटीसारखा वास. घोडीनं एकदा हुंगलं आणि तोंडाला बांधलेला तोबरा असा झटकला की सगळा भरडा आप्पांच्या अंगावर. पण आप्पा टांगेवाले, घोड्याला खायला कसं घालायचं हे त्यांना कुणी शिकवायला नको. भिजवलेला हरभरा, शेंगदाण्याची पेंड, त्यात पावडर आणि वरून काकवी. ऊसपट्ट्यातलं घर आमचं, काकवीचा डबा बारा महिने भरलेला. पोरीनं चाटूनपुसून खाल्लं. आप्पा तिच्या नाकाला लागलेली काकवी धोतरानं पुसत होते आणि हसत होते.

आणि घोडी सुधारली की हो! आकाडात लग्नं नसतात. डांबरी रस्ता नाही, नाचणं नाही, मऊ चिखलात उभी राहायची, मनाला येईल तेवढं फिरायची. पाय मोकळा पडायला लागला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ, पण श्रेय सगळं डब्यावरच्या त्या काळ्या घोड्याला. शेजारपाजारची माणसं बघायला यायची. खोटं कशाला बोलू, मलाही वाटलं, मिळाला गुण. आप्पांचं तोंड उजळलेलं बघून मला बरंच वाटत होतं.

तुळशीचं लग्न झालं आणि वराती सुरू झाल्या. दोनच वराती केल्या असतील, घोडी परत आखडली, आणि या वेळी पहिल्यापेक्षा वाईट. आप्पांनी पावडर दुप्पट केली. पावडर दुप्पट म्हणजे काकवीही दुप्पट, आणि गुऱ्हाळं नुकतीच पेटलेली, ताज्या काकवीला तोटा नव्हता. घोडी अंगानं भरत चालली. मानेवर चरबीचा कडक वळ उठला. आप्पा त्यावर हात फिरवून म्हणायचे, "अंगावर आलीया बघ. खाल्लेलं लागतंय." मी भांडले, डॉक्टरीण आणा म्हटलं, दोन शनिवार अबोला धरला. अबोल्याचं त्यांना काय? त्यांच्याशी बोलायला ती होती.

पुढच्या शनिवारी आले तर घोडी पुढचे दोन्ही पाय लांब टाकून, सगळा भार मागच्या पायांवर घेऊन उभी होती. पाणी चार पावलांवर, पण तिथंवर जात नव्हती. डोळ्यांत नुसती भीती. मी अंगणातूनच सरकारी दवाखान्यात फोन लावला. आप्पांनी अडवलं नाही.

डॉक्टरीण स्कूटीवरून आली. तरुण बाई, धारवाडकडची, मराठीही कन्नड वळणानं बोलायची. तिनं आधी घोडीचा गुडघा दाबला, हलवून बघितला. मग खुरावर तळवा ठेवला आणि आप्पांचा हात ओढून तिथं टेकवला.

"अज्जा, बिसी हाय बघा. गरम. सांधा चांगला हाय हो. दुखणं खुरात हाय."

खुराच्या आत हाड असतं, तिनं सांगितलं, ते खुराला आतून घट्ट धरून असतं. ती पकड सुजून सुटत चालली होती. मग तिनं विचारलं, खायला काय घालता? आप्पांनी तोबरा आणून दाखवला. अजून त्यांच्या चेहऱ्यावर थोडा अभिमान होता, तेच मला बघवेना. तिनं बोट बुडवून हुंगलं.

"काकवी? कवापासून?"

"आकाडापासनं," आप्पा म्हणाले. "पावडर कडू लागती म्हणून."

"ह्या रोगाला गोड म्हंजे इष, अज्जा. काकवी, आन हरभरा, पेंड असलं जड खाणंबी. त्यात रस्त्यावर नाचवलं."

आप्पांनी तोबरा खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "आन पावडर?"

"पावडरीनं सांध्याचं दुखणं जातंय असं मला तरी खात्रीनं सांगता येत न्हाई. कुणी म्हणतंय गुण आला, कुणी म्हणतंय काय न्हाई. पण तिचा सांधा दुखतच नव्हता हो."

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! आणि बंबात पाणी तरी असतं, आम्ही तर काकवी ओतत होतो. मला इतका संताप आला की त्या डब्यावरचं उडी मारणारं घोडं मी पायानं ठेचलं. डबा चेपला, बाकी काय होणार? दुकानदाराचा राग, आप्पांचा राग, आणि ज्या गोडाला आम्ही माया समजत होतो त्याचाही.

केलं मग सगळं. बर्फाच्या पाण्यात खूर, दुखण्यावर इंजेक्शनं, पायाखाली वाळू, भिजवून निथळलेलं वाळलं गवत. गवत तिला आवडायचं नाही. तोबऱ्याकडं बघून खिंकाळायची आणि आप्पा तोंड फिरवून उभे राहायचे. थोडं आधी कळलं असतं तर, असं डॉक्टरीण एकदाच म्हणाली, नंतर म्हणाली नाही. शेवटी हाड खाली येऊन तळव्याला फुगवटा आला. घोडी आडवी पडली ती उठली नाही. आता तिला असं ठेवणं म्हणजे छळ आहे, डॉक्टरणीनं सांगितलं.

सकाळची वेळ होती. आप्पांना उकिडवं बसता येत नाही, म्हणून पाय पसरून तिच्या डोक्याशी मातीतच बसले आणि डोकं मांडीवर घेतलं. इंजेक्शन दिलं तेव्हा तिला कुणाच्या तरी बारशाचं सांगत होते. ती गेल्यावरही थोडा वेळ सांगतच होते. मी तिथंच भिंतीला धरून मोठ्यानं रडले. जेसीबीनं शेताच्या कडेला खड्डा काढला.

त्यानंतरच्या एका शनिवारी घर झाडताना फडताळात आप्पांच्या सांध्यांच्या गोळ्या दिसल्या. न फोडलेली पाकिटं तशीच. माझा आवाज चढलाच.

"ह्या का खाल्ल्या न्हाईसा? आता तुमीबी पाय लांब करून बसणार काय?"

"ती गेल्यापासनं बंद हायत," आप्पा म्हणाले.

"आन गुडघा?"

त्यांनी पाय लांब केला, दुमडला, परत लांब केला. तोंडावर काहीच नव्हतं.

"हुता तसाच हाय. जास्त न्हाय, कमी न्हाय." मग गोळ्यांच्या पाकिटाकडं बघून म्हणाले, "म्हंजे मलाबी ह्येनं काय हुईत नव्हतं, बाई. नुसतं वाटत हुतं. आन त्या वाटण्यावर म्या पोरीला पावडर चारली. ती बिचारी तिचं दुखणं दावत हुती, आन म्या माझंच बघत हुतो."

माझी जीभ एरवी कुणाला ऐकायची नाही. त्या दिवशी भाकरी गार होतीया, जेवून घ्या, एवढंच म्हटलं. ताटात सवयीनं मी काकवीची वाटी ठेवली होती. आप्पांनी ती बोटानं बाजूला सारली आणि हात धुऊन उठले.