तेलकट पट्टीची शेड

"तुझी मशीनच खराब आहे, यार," श्रीकांत भिंतीकडे बोट दाखवून म्हणाला. "जुन्या घराच्या भिंती निळ्या होत्या. आणि हे बघ काय आलंय! चहा सांडल्यासारखं."

भिंतीवर मी सॅम्पल पॅच मारला होता. सॅम्पल पॅच म्हणजे रंगाचा हातभर तुकडा. कुठल्या भिंतीला कुठला रंग द्यावा हे सांगणं, हा माझा धंदा. पण कार्डावरचा रंग भिंतीवर गेला की वेगळाच दिसतो, म्हणून आधी असा तुकडा रंगवून बघायचा.

गुरुजी, म्हणजे श्रीकांतचे वडील, खुर्चीत बसले होते. त्यांचा सगळा जन्म नदीकाठी, ब्रह्माघाटावरच्या जुन्या घरात वेद शिकवण्यात गेला. तिथल्या जिन्यावरून ते पडले, आणि गल्लीत ॲम्ब्युलन्स येईना. तेव्हा श्रीकांतने त्यांना घाटापासून लांब, शहरातल्या सिगरा भागातल्या या लिफ्टवाल्या फ्लॅटमध्ये आणलं. इथं आल्यापासून त्यांनी शिकवणं सोडलं होतं. दोन विद्यार्थी यायचे, त्यांना "आज नको" म्हणून परत पाठवायचे. "या खोलीत मन लागत नाही. मी आपला घाटावर परत जातो," हेच पालुपद. पुन्हा तोच जिना! श्रीकांतची झोप उडाली होती. म्हणून त्याने मला बोलावलं.

मी गुरुजींचाच विद्यार्थी. लहानपणी दुर्गाघाटाहून त्यांच्याकडे संथा घ्यायला जायचो. गुरुजी मंत्र म्हणायचे, आम्ही मागून म्हणायचो. पुढे मी कॉमर्सला पळालो, तो भाग निराळा.

माझ्या कार्डांतली एकही शेड गुरुजींना पसंत पडली नव्हती. शेवटी त्यांनी जुन्या घरून भिंतीचा एक पोपडा मागवला आणि वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिला. "हा रंग दे." आमच्याकडे स्कॅनर असतो. तुकड्यावर धरला की तो रंग वाचून मिश्रण सांगतो. त्याने जे सांगितलं, तेच मी भिंतीला लावलं होतं.

त्या घराला चुन्यात नीळ घालून रंग द्यायचे, हे मलाही आठवत होतं. मग हे तपकिरी कुठून आलं? मी पोपड्याचा कागद पुन्हा उघडला. कागदावर तेलाचा डाग पसरला होता. चुन्याला तेल सुटत नाही.

"गुरुजी, हा कुठला पोपडा?"

"तू बसायचास ना, तिथला."

आणि सगळं डोळ्यांपुढे आलं. आम्ही पोरं भिंतीला पाठ लावून बसायचो. आयांनी डोक्याला सरसोंचं तेल चोपडलेलं असायचं. म्हणता म्हणता डोकी मागे टेकायची. निळ्या भिंतीवर बरोबर डोक्यांच्या उंचीला तपकिरी पट्टी उमटली होती. "सरळ बस! भिंत काय उशी आहे तुझी?" गुरुजी ओरडायचे. पण दिवाळीआधी चुना मारायला माणूस आला की त्यालाच सांगायचे, "तेवढी पट्टी सोड रे."

"आप्पा, तो डाग होता!" श्रीकांत म्हणाला. "पाहुणे आले की शरम वाटायची आम्हाला."

"मी समोर बघून शिकवायचो," गुरुजी म्हणाले. "पोरं बदलत गेली. पट्टी तीच होती. इथं समोर काहीच नाही रे, मुकुंदा."

मला भरून आलं. कामाच्या ठिकाणी असं होऊ नये, पण झालं.

श्रीकांतकडे बघितलं. तो भिंतीवरच्या तपकिरी तुकड्यापाशी गेला. "मार ती पट्टी," म्हणाला.

खुर्चीसमोरच्या भिंतीला नीळ-चुन्याची फिकट निळी शेड दिली, आणि तिच्यावर मशीनने सांगितलेली तपकिरी पट्टी. गुरुजी स्वतः उभे राहिले.

"अजून खाली घे. एवढी उंच कुठं होतात तुम्ही पोरं?"

खाली घेतली. एरवी मी गिऱ्हाइकाला वॉशेबल पेंट घ्यायला लावतो, डाग पडला तर ओल्या फडक्याने पुसता येतो. इथं साधं डिस्टेंपर वापरलं. का, ते कोणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात दोन्ही विद्यार्थी पट्टीखाली बसले, आणि गुरुजींनी संथा सुरू केली. घाटाचं नाव निघेनासं झालं.

मध्यंतरी श्रीकांतचा फोन आला. "मुकुंद, तुझ्या रंगावर वॉरंटी आहे ना? तेलाचे डाग पडायला लागले."

"कुठं पडले?"

"पट्टीवरच."

"मग रंग बरोबर बसला," मी म्हणालो.