युपीएसनं उठवलेला डाव

आमच्या सासरी 'बंद' हा शब्द चालत नाही. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे अप्पांनी, लातूरच्या बाजारात जन्मभर कापडाचं दुकान चालवलं आणि ते एकदाही बंद केलं नाही, रोज रात्री 'वाढवलं'. नारळ फोडत नाहीत, वाढवतात; बांगडी फुटत नाही, वाढते; तसंच दुकान. पुढे दुकान थोरल्या दिरांकडे गेलं, अप्पा घरी बसले, आणि घराच्या पुढच्या खोलीत मी लग्नपत्रिका आणि प्रश्नपत्रिका कॉम्प्युटरवर जुळवून द्यायला सुरुवात केली. पहिल्याच दुपारी जेवायला उठताना मी म्हटलं, "आले, कॉम्प्युटर बंद करून." अप्पांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"धंद्याची वस्तू हाय ती. बंद कशापायी म्हणतीस? वाढव म्हण की."

वाढवायचं बटण काही त्यात नव्हतं. मी एकेका पर्यायाचा अर्थ सांगत गेले. शट डाऊन ऐकूनच नापास झालं. हायबरनेट म्हणजे काय, तर अस्वल हिवाळ्यात झोपतं तशी झोप, आणि उठलं की काम जिथं सोडलं तिथूनच पुढे. अप्पांना अस्वल पसंत पडलं. तेव्हापासून आमचा कॉम्प्युटर बंद होत नाही, झोपतो. असल्या गोष्टींवर मी वाद घालत नाही. सासरी वाद घालायला याहून चांगले विषय मिळतात.

पुढचं पाप मात्र माझं. अप्पांना माऊस शिकायचा होता आणि त्यांचा हात थरथरायचा. सवय व्हावी म्हणून मी त्यांना एकट्यानं खेळायचा पत्त्यांचा खेळ उघडून दिला. ते पाच मिनिटं नुसते बघत राहिले. मग उठले, मधलं दार लोटलं आणि परत येऊन बसले.

पत्ते हा अप्पांचा जुना रोग. थोरल्या दिरांच्या वेळी अव्वांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, कळा सुरू झाल्या तेव्हा अप्पा जीप आणायला बाहेर पडले आणि वाटेत मित्राकडे चौघांत 'एकच डाव' म्हणून टेकले. शेवटी शेजारणीनं अव्वांना दवाखान्यात नेलं. अप्पा पोचले तोवर पोरगं दूध पिऊन झोपलं होतं. अव्वा चकार शब्द बोलल्या नाहीत. दवाखान्यातून ज्या माहेरी नायगावला गेल्या, त्या वर्षभर आल्याच नाहीत. अप्पा तिसऱ्यांदा न्यायला गेले तेव्हा त्यांनी अव्वांच्या गळ्याला हात लावून आण घेतली की पुन्हा पत्त्याला हात लावणार नाही. आणि त्यांनी ती पाळली. लग्नघरी वऱ्हाडी पत्ते कुटत बसले की अप्पा त्यांच्याकडे पाठ करून बसायचे, हे मी स्वतः पाहिलंय.

"अप्पा, आणीचं काय?" मी विचारलं.

"पत्त्याला हात लावणार न्हाई म्हणलोय. हितं पत्त्याला कुठं हात लागायलाय? हात ह्या उंदराला लागायलाय."

वकिली बिनतोड होती, पण आवाज पडलेला होता. थोड्या वेळानं तेच म्हणाले, "तरी अव्वाला बोलू नकोस. तिच्या गळ्याची आण हाय. तिला वाटंल, म्हातारपणी माझ्या जिवावर खेळायलेत." या वयात अव्वा काही नायगावला जाणार नव्हत्या. पण एकाच घरात राहून न बोलणं त्यांना जमतं, आणि अप्पांना त्याचीच भीती होती. मी कबूल झाले. मला गुपितं आवडतात.

दुपारी जेवणं झाली की अव्वा आतल्या खोलीत पंख्याखाली आडव्या व्हायच्या आणि अप्पा पुढच्या खोलीत डाव मांडायचे. तीनच्या सुमारास डाव तसाच सोडून ते कॉम्प्युटर झोपवायचे आणि तिथल्याच बाजेवर स्वतः झोपायचे. डाव मोडून ठेवा म्हटलं तर, "अर्धा डाव मोडू न्हाई." सगळं सुरळीत चाललं होतं. मग उन्हाळा आला आणि लाईट जायला लागली.

लाईट गेली की युपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला जोडलेला बॅटरीचा डबा, टीं टीं करायचा आणि झोपलेला कॉम्प्युटर खडबडून जागा व्हायचा. पासवर्ड अप्पांना आठवत नाही म्हणून मी कधीच काढून टाकला होता, त्यामुळे उठल्या उठल्या अख्खा डाव पडद्यावर. लाईट गेली की पंखाही थांबणार, आणि पंखा थांबला की अव्वा वाऱ्याला म्हणून पुढच्या खोलीत येणार. म्हणजे बदामची राणी आणि अव्वा एकाच वेळी हजर. पहिल्यांदा मी नशिबानं तिथंच होते, पटकन डाव झाकला. दुसऱ्यांदा अप्पा पडद्यासमोर दोन्ही हातांनी धोतर झटकत उभे राहिले. मॉनिटरचं बटण आत जाऊन अडकलेलं, त्यामुळे पडदा काळा करून ठेवता येईना, आणि युपीएस काढून ठेवावा तर त्याची बॅटरी चार्ज होत नाही.

मी माऊसवर संशय घेतला. मग कीबोर्डवर. मग कीबोर्डवरून फिरणाऱ्या पालीवर. अव्वांनी वेगळंच निदान केलं. "तुजी मशीन झोपंत दचकायलीय. नजर लागलीय तिला," म्हणाल्या, आणि मीठ, मोहरी, मिरच्या घेऊन त्यांनी कॉम्प्युटरची दृष्ट काढली. मिरच्यांचा ठसका आला नाही, त्यामुळे त्यांचं मत आणखी पक्कं झालं. मी तोंडाला पदर लावून उभी होते. अप्पा भिंतीकडे बघत होते.

शेवटी मी नांदेडला भावाला फोन केला. तो कॉम्प्युटर दुरुस्त करतो. त्याला पत्त्यांचं काही सांगितलं नाही, नुसता आजार सांगितला. तो म्हणाला, "ताई, कोण उठवून राहिलं ते कॉम्प्युटरलाच विचार की. नाव सांगतो तो." त्यानं सांगितली ती ओळ मी टाइप केली, आणि कॉम्प्युटरनं चहाडखोर पोरासारखं लगेच सांगितलं, युपीएस.

युपीएसपासून एक बारीक वायर कॉम्प्युटरला जाते. लाईट गेली की युपीएस तिच्यातून निरोप धाडतो आणि झोपलेलं यंत्र उठून बसतं. मी वायरच उपटली. यंत्र शांत झोपलं. पण दोन दिवसांनी मी पत्रिका जुळवत असताना लाईट गेली, बॅटरी संपली, आणि निरोप द्यायला वायरच नसल्यामुळे यंत्र केलेलं काम न राखता मटकन बसलं. मामा-मामींची चौदा नावं पुन्हा लिहावी लागली. त्यातल्या एका मामांचं नाव गळलं आणि ते मांडवात रुसून बसले, तो भाग वेगळा.

मी वायर परत खोचली आणि भावाला पुन्हा फोन लावला. त्यानं उपकरणांच्या यादीत बॅटरीखाली युपीएस शोधायला लावला. तिथं वीजवापराच्या पानावर एक चौकट होती: या उपकरणाला कॉम्प्युटर जागा करू द्या. तिच्यातली खूण काढली. मेन स्विच पाडून पाहिला. युपीएस टीं टीं करत राहिला आणि कॉम्प्युटरनं कूससुद्धा बदलली नाही. त्या आनंदात अप्पांनी मला स्वतःच्या हातानं चहा करून दिला. साखर घालायला विसरले, पण मी तो प्याले.

अप्पा निर्धास्त झाले. तीन आठवडे त्यांनी कोणाला न भिता अर्धे डाव सोडले.

मग एके दुपारी मी स्वयंपाकघरात गवार निवडत होते. लाईट गेली, युपीएस ओरडला आणि पाठोपाठ कॉम्प्युटरची घरघर ऐकू आली. मी गवार टाकून धावले. नंतर कळलं की सकाळी झाडताना सुटलेली वायर अव्वांनी परत खोचली होती, पण दुसऱ्या भोकात. भोक बदललं की यंत्राला तो युपीएस नवा वाटतो आणि आपण काढलेली खूण पुन्हा आलेली असते. हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

अव्वा माझ्या खुर्चीवर बसल्या होत्या. समोर डाव होता. अप्पा बाजेवर उठून बसले होते. मी दारातच थांबले. खोटं बोलायची माझी तयारी होती, पण चांगलं असं एकही सुचलं नाही.

"हे कोण खेळायलंय?" अव्वांनी विचारलं.

"मी," अप्पा म्हणाले. "हात लावलो न्हाई. तुज्या गळ्याची आण, हात लावलो न्हाई पत्त्याला."

अव्वांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. पडद्याकडेच बघत म्हणाल्या, "समोर कोण बसतंय खेळायला?"

"कुणी न्हाई. एकट्याचाच डाव हाय ह्यो."

"एकट्याचा?"

"हाव."

अव्वांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मला वाटलं, आता अबोला सुरू झालाच, आणि त्याला कारण मी. खरं सांगते, त्या क्षणी मला रडू येत होतं.

"तवा मी एकटी व्हते," अव्वा म्हणाल्या. "कळा सोसत दाराकडं बघत व्हते. पत्त्याचा राग न्हवता मला. मला एकटीला टाकून तुमी चौघं बसला, त्याचा व्हता."

अप्पांनी मान खाली घातली. "म्या कधी इचारलंच न्हाई," म्हणाले.

"न्हाई इचारलं."

मग अव्वांनी पडद्यावर बोट टेकवलं. "ही लाल नव्वी ह्या काळ्या दश्शीवर जाती का?"

अप्पा बाजेवरून उतरून जवळ आले. बघितलं. "जाती की. माज्या ध्यानातच आलं न्हाई." आणि त्यांचा हात माऊसकडे गेला.

अव्वांनी तो हात बाजूला सारला. "आण घेतलीय तुमी. ती सुटली न्हाई. तुमी हात लावायचा न्हाई. तुमी नुसतं सांगा, म्या लावते."

मी दुसरी खुर्ची आणून दिली. आता रोज दुपारी दोघं तिथं बसतात आणि माझं काम चार वाजेपर्यंत अडून राहतं. अप्पा सांगत असतात, "राजा तिकडं टाक, तिकडं." अव्वा तो इकडं टाकतात, आणि अप्पा गप्प बसतात.